संध्याकाळचा गूळ

मोर्चात घोषणा देताना बाबांची मूठ वर गेली आणि मनगटातून गळून खाली लोंबली. दंड ताठ, पंजा मेलेल्या चिमणीसारखा. मी शेजारीच होते. मी घोषणा सोडून त्यांचा हात धरला.

सेलूत आमचा छोटा छापखाना. बाबा अजूनही शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, हाताने जुळवून पत्रकं छापतात. मी वाचायला शिकले ती त्याच पत्रकांवर. ‘अन्याय’ हा शब्द मला ‘आंबा’च्या आधी वाचता आला.

वर्ध्याला रक्त तपासलं. डॉक्टरीणबाई रिपोर्ट बाजूला ठेवून बाबांची काळी नखं बघत राहिल्या.

“काका, रक्तात शिसं आहे. खूप आहे.”

“असन. पण मी रोज गूळ खातो ना. गुळानं शिसं निंगून जाते.”

“हात धुऊन खाता?”

“काऊन? संध्याकाळी खिळे खणात टाकता टाकता खातो. मी आंधी ज्या छापखान्यात कामाले होतो, तिथला मालक समद्यायले गूळ द्याचा. मोठ्या मनाचा माणूस!”

शाळेतून आले की बाबा त्याच बोटांनी मलाही गुळाचा खडा भरवायचे.

बाई म्हणाल्या, “मेंदूत चांदणीच्या आकाराच्या पेशी असतात. रक्तातून आलेलं शिसं त्या स्वतःत ओढतात, प्रथिनांनी बांधून ठेवतात, शेजारच्या मज्जापेशीला वाचवतात. तुमचं डोकं शाबूत आहे ते बरंचसं त्यांच्यामुळे. हाताच्या नसेला एवढा पहारा नसतो. आणि या पेशीही भरत जातात, काका.”

“मंग किती दिवस धकते?”

“रोज नवीन शिसं गेलं तर नाही धकणार. आज थांबलात तर हात उठेल कदाचित. हळूहळू.”

आम्ही आजवर किती मालकांविरुद्ध पत्रकं काढली! ज्यानं साबणाऐवजी गूळ दिला, त्याला मात्र बाबा जन्मभर दुवा देत आले. आणि आपल्या पेशी आत मुकाट्यानं त्याचं पाप पोटात घालत होत्या.

घरी आल्यावर बाबा खिळ्यांच्या खणांपाशी थांबले. डावा हात सवयीनं पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेतला.

“पत्रक काढजो गुळाचं,” ते म्हणाले. “खिळ्यानं नोको. मोबाइलवरच काढ.”

नळाखाली मी त्यांचा लुळा हात धरला, साबण लावला. फेस काळा निघाला. धुतला, परत लावला, परत काळाच.

“अजून लाव,” बाबा म्हणाले.