न सापडलेल्या गळतीचे पैसे

ऑफिसात तिला सगळे ‘लाल पेन’ म्हणत. तोंडावर नाही, पण तिला ते माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं. रस्ते आणि इमारती बांधणाऱ्या ठेकेदारांची बिलं तिच्या टेबलावरून जायची. काम पूर्ण झाल्याचा दाखला नसेल तर समोरचा कितीही बडा असो, बिल आल्या पावली परत. सव्वीस वर्षं ती एकच वाक्य म्हणत आली होती: काम नाही तर पैसे नाहीत. म्हणूनच भिंतीतली गळती कानाने शोधणारे, म्हणून सगळे ज्यांना कानवाले म्हणत, ते दारात उभं राहून तिचंच वाक्य तिला ऐकवायला लागले तेव्हा तिला तो माणूस एकदम पटला.

“गळती सापडली तर पैसे द्या, ताई. नाही सापडली तर काही नको. शनिवारी संध्याकाळपर्यंत सांगतो.”

बाबांच्या खोलीची भिंत चार महिने ओली होती. पलीकडे न्हाणीघर, शेजारी स्वयंपाकघर, भिंतींच्या पोटात नळाच्या लाइनी, आणि त्यातली कुठली झिरपते ते कोणालाच कळत नव्हतं. आधीच्या दोन प्लंबरांनी अंदाजपंचे फरशा फोडल्या, पैसे घेतले, “आता वाळेल” म्हणाले आणि नंतर फोनसुद्धा उचलेनात. भिंत काही वाळली नाही, बाबांचा खोकला मात्र वाढला. खाट पुढच्या खोलीत आणली तरी घरातला कुबट वास हटेना. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं, ओल जाणार नसेल तर यांना इथून हलवा. धाकटा भाऊ दुसऱ्या गावी राहायचा, तो रविवारी गाडी घेऊन न्यायला येणार होता. थोडे दिवस, असं सगळे म्हणत होते. चौऱ्याऐंशीव्या वर्षी थोड्या दिवसांसाठी गेलेला माणूस परत येत नाही, हे बाबांना कळत होतं आणि तिलाही. दोघं एकमेकांची नजर चुकवून फक्त बॅगेबद्दल बोलत होते.

कानवाले साठीला आलेले, अंगाने काटकुळे. पिशवीत हातोडा नाही हे बघून ती चक्रावलीच. नळ खोलायचे दोन पाने, एक हातभर लांबीची लोखंडी सळई आणि खडूचा डबा, एवढाच संसार. तरुणपणी ते एका कारखान्यात बॉयलरपाशी कामाला होते. वाफेच्या नळीला सळई टेकवून दुसरं टोक कानाशी धरायचं आणि नळी कुठे कुरकुरते ते सांगायचं, हे तिथल्या म्हाताऱ्या फोरमनने शिकवलं. कारखाना बंद पडला, विद्या राहिली. त्यांची बायको म्हणे सगळ्या गल्लीला सांगायची, “ह्यांना भिंतीतला थेंब ऐकू येतो, मी स्वयंपाकघरातून मारलेली हाक नाही ऐकू येत.”

गुरुवारी सकाळी ऑफिसला उशीर झाला तरी ती तिथून हलली नाही. त्यांनी घरातले सगळे नळ बंद केले आणि पाण्याच्या मीटरसमोर उकिडवे बसले. मीटरमध्ये एक लाल चाक असतं, नखाएवढं. तिने मीटर आयुष्यात कधी उघडून पाहिला नव्हता. पाऊण तास ते त्या चाकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “हललं. केसाएवढं. लाइन गळतेय, नक्की.” मग सळई भिंतीला टेकवली, डोळे मिटले आणि वीतभर वीतभर सरकत ऐकायला सुरुवात केली. एका जागी तीन-तीनदा. जिथे आवाज नाही तिथे गोल, जिथे शंका तिथे फुली. खुर्चीत बसलेले बाबा खोकला आला की तोंडावर उशी दाबून धरत होते. कित्येक महिन्यांत कशातच लक्ष न घातलेले बाबा! देवघरातसुद्धा तिने इतकी शांतता पाहिली नव्हती. आपण ज्या घरात इतकी वर्षं भांडलो, जेवलो, झोपलो, त्याच्या भिंतींना काही सांगायचं असेल हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा कानवाले गेले होते आणि औषधाने बाबांचा डोळा लागला होता. न्हाणीघराकडची भिंत खालपासून वरपर्यंत खडूने भरलेली. तिला घरात पसारा खपत नाही. ऑफिसातसुद्धा खाडाखोड केलेला कागद तिच्याकडून पुढे जात नसे. तिने पदर खोचला, बादलीत फडकं बुडवलं आणि तासाभरात भिंत लख्ख केली.

शुक्रवारी ती ऑफिसात होती. शनिवारी सुट्टी, म्हणून घरीच. दिवसभर ती पायांचा आवाज न करता वावरली. पाच वाजता कानवाल्यांनी सळई पुसून पिशवीत ठेवली.

“नाही सापडली, ताई. न्हाणीघराची बाजू पूर्ण झाली, तिथे काही नाही. स्वयंपाकघराची बाजू अर्धी राहिली. शनिवार म्हणालो होतो, शनिवार संपला. माफ करा.”

तिला राग आला. तीन दिवस! तीन दिवसांत दीड भिंत? पण हिशेब साफ होता, काम नाही तर पैसे नाहीत. ते जिना उतरायला लागले आणि तिने दार लावून घेतलं.

“पैसे दिलेस?” बाबांनी विचारलं.

“कशाचे द्यायचे?”

“तू पुसलेल्या भिंतीचे.”

“म्हणजे?”

“शुक्रवारी आला, भिंतीकडे बघितलं, आणि पहिल्या वितीपासून परत सुरुवात केली,” बाबा म्हणाले. “अख्खा दिवस. मला म्हणाला, ताईंना सांगू नका, सांगून खुणा परत उमटणार आहेत का?”

कोणीतरी थोबाडीत मारावी तशी ती उभी राहिली. सव्वीस वर्षांत तिच्या टेबलासमोर किती माणसं येऊन गेली, पाऊस लागला, सिमेंट आलं नाही, मजूर पळाले, कारणांची नुसती रास. खरं कारण असून ते न सांगणारा एकही नाही. तिने पाकीट उचललं आणि चपला न घालताच खाली धावली. कानवाले पहिल्या मजल्यावर पिशवी टेकवून दम खात होते.

“मला सांगितलं का नाही, काका?”

“भिंत तुमची. पुसू नका असं मी सांगून ठेवायला हवं होतं. चूक माझी.”

“आमच्या ऑफिसात नियम आहे. आमच्यामुळे काम अडलं तर ठेकेदाराचे पैसे कापता येत नाहीत. घ्या.”

त्यांनी पैशांकडे पाहिलं, पण हात पुढे केला नाही.

“ताई, मी न सापडलेल्या कामाचे पैसे घेत नाही, त्याला लोक प्रामाणिकपणा म्हणतात. तसं काही नाही. पैसे नाही घेतले की मी मोकळा. घेतले की बांधला गेलो, सापडेपर्यंत यावंच लागतं. एकदा असे घेतले आणि एका घरी अकरा महिने जात होतो, रोजची कामं उरकून. बायको म्हणायची, तिकडेच बिऱ्हाड करा. तेव्हा विचार करून द्या. मलाही करू दे.”

ते खरंच विचार करायला लागले. जिन्याच्या कठड्याला टेकून, डोळे मिटून, भिंत ऐकावी तसे. ती नोटा धरून उभी होती आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, देवा, यांनी पैसे घ्यावेत. एवढ्याशा जिन्यात, पायाशी पिशवी टेकवलेल्या या माणसासमोर तिला फार लहान झाल्यासारखं वाटत होतं, आणि त्याचं वाईटही वाटत नव्हतं.

बऱ्याच वेळाने त्यांनी नोटा घेतल्या, मोजल्या नाहीत, खिशात टाकल्या आणि पिशवी उचलून पुन्हा वर चढायला लागले. मागोमाग येऊन तिने स्वयंपाकघरातली भिंतीवरची डब्यांची फळी रिकामी करून दिली. मग पुढच्या खोलीत जाऊन भावाला फोन लावला.

“उद्या येऊ नकोस,” ती म्हणाली.

“का? सापडली गळती?”

“नाही. पण त्यांनी पैसे घेतलेत.”

पलीकडून भाऊ काय काय विचारत राहिला. खाटेवर बसलेल्या बाबांनी मात्र बॅग पुढे ओढली, चेन उघडली आणि आपले सदरे एकेक करून बाहेर काढायला लागले.