मॅकची डिस्क

घटस्फोटाच्या कागदांवर सह्या झाल्या त्या दुपारी, कोर्टाबाहेर त्यानं माझ्या हातात एक हार्ड डिस्क ठेवली. लेकीचे जन्मापासूनचे सगळे फोटो आणि व्हिडिओ तिच्यात होते. कोथरूडच्या घरातून मी तेवढंच मागितलं होतं. साधी भांडीकुंडीसुद्धा तिथेच सोडून आले होते.

विश्रांतवाडीच्या भाड्याच्या फ्लॅटवर येऊन मी ती माझ्या लॅपटॉपला जोडली. फोटो दिसेनात. स्क्रीनवर आलं, डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? मी शाळेत मराठी शिकवते, यातलं मला ओ की ठो कळत नाही. तो सॉफ्टवेअरमधला. मी त्यालाच फोन लावला.

"फॉरमॅट करू का, असं विचारतोय."

"मग कर की."

"फोटो जाणार नाहीत ना?"

"प्रत्येक गोष्ट मीच सांगायची का अजून? विचारतोय तर हो म्हण."

मी हो म्हटलं. डिस्क लगेच उघडली. आत काहीच नव्हतं.

पुन्हा फोन केला. तो शांतपणे म्हणाला, "ती मॅकवरची डिस्क आहे. तिची मांडणी वेगळी असते, विंडोजला ती वाचता येत नाही."

"दोन्हीकडे चालेल अशी करता येत नव्हती?"

"येते ना."

"मग?"

"अहो, तुम्ही डिस्क मागितलीत, मी दिली. पुसलीत तुम्ही."

आख्ख्या संसारात त्यानं मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

डेटा परत मिळवून देणाऱ्या एका दुकानात डिस्क नेली. बरेच फोटो आले, काही अर्धे करडे. व्हिडिओ मात्र एकही धड चालेना. लेक पहिल्यांदा चालली तो व्हिडिओही गेला.

लेक रविवारी त्याच्याकडे जाते. परवा आली ती खुशीत. "आई, बाबांनी मोठ्या टीव्हीवर माझा चालतानाचा व्हिडिओ दाखवला! तू केवढी हसतेयस त्यात!"

त्याच्याकडे होता तर. "कॉपी मागितलीस?"

"मागितली. बाबा म्हणाले, आईला दिलं की ती पुसून टाकते." चपला काढताना तिनं वर पाहिलं. "का पुसलंस गं?"

मी तिला जवळ बसवलं आणि मॅक, विंडोज, डिस्कची मांडणी, सगळं समजावून सांगायला लागले. तिनं थोडा वेळ ऐकलं, मग मोबाइल हातात घेतला.