कोकिळा सिस्टरची पातळ चॉकलेटं

मे महिन्यातल्या एका दुपारी एक वाजता कुरियरवाल्याचा फोन आला आणि माझ्या जाऊबाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"मॅडम, पार्सल आलं तुमचं. धामणगाव बढ्याले येऊन घेऊन जा."

"घरी आणून द्या ना भाऊ. पत्ता लिहिला आहे त्याच्यावर."

"तुमच्या गावात आमची गाडी येत नाही."

"मंग पार्सल घेता काऊन? आलं कधी हे?"

"मलकापूरले चार दिवस झाले. इथी आज आलं."

चार दिवस. मलकापूरला, पत्र्याच्या गोदामात, मे महिन्यात. आणि आत काय, तर चॉकलेट.

या जाऊबाईंचं नाव कोकिळा. गावासाठी कोकिळा सिस्टर. सत्तावीस वर्षांपासून त्या आमच्या आरोग्य केंद्रात नर्स आहेत आणि गावातली निम्मी तरणी पोरं त्यांची सुई खाऊन मोठी झालीत. बोलणं मोजकं. जेवणं मात्र अगदी मन लावून. लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेतला की माझ्या कानात सांगणार, "पूनम, फोडणीतलं जिरं जळलं आहे." आणि ते खरंच जळलेलं असायचं.

ही आवड त्यांना लागली अकोल्याला, नर्सिंग शिकताना. वसतिगृहाच्या एका खोलीत तिघी होत्या: या, लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरची समता आणि देऊळगाव राजाची पुष्पांजली. मेसचं जेवण इतकं वाईट की तिघी वॉर्डनची नजर चुकवून खोलीतच शेगडीवर भरीत करायच्या. समताचा भाऊ फौजेत होता. त्यानं एकदा चॉकलेटची मोठी वडी पाठवली. तिघींनी ती जपून जपून पंधरा दिवस पुरवली. तेव्हापासून तिघींचं ठरलेलं, की काही चांगलं खायला मिळालं तर दुसरीला कळवायचं.

पुढं समताचं लग्न फौजीशीच झालं आणि ते दोघं निलगिरीत कुन्नूरला स्थायिक झाले. पुष्पांजली सहा-सात वर्षांपूर्वी लेकीकडं बेल्जियमला गेली, नातू सांभाळायला. उरल्या आमच्या जाऊबाई, मोताळा तालुक्यात, चव्वेचाळीस डिग्रीत.

आता बेल्जियमला चॉकलेट चांगलं मिळतं म्हणे आणि कुन्नूरलाही घरोघरी करतात. जाऊबाई इकडून समताला ज्वारीचे पापड आणि पुष्पांजलीला ठेचा धाडायच्या, आणि तिकडून दोघींची चॉकलेटची पार्सलं सुरू झाली. पहिलं आलं ते डब्यात खळखळत होतं. जाऊबाईंनी कागदावरून चमच्यानं खरवडून खाल्लं. तेवढ्यात पुष्पांजलीचा फोन आला, "कसं लागलं गं?" एवढ्या लांबून जीव लावून पाठवलेलं, नाही कसं म्हणायचं? या म्हणाल्या, "लय भारी! खुटकन तुटते!"

तिथंच चुकलं. खुटकन तुटतं म्हटल्यावर वर्षातून तीनदा पार्सलं यायला लागली. एकाला मुंग्या लागल्या. एक सासूबाईंनी, म्हणजे सत्यभामाबाईंनी, पायाच्या भेगांचं मलम समजून टाचेला लावलं. "वास बरा हाय, पण गुण नाही," असं वर आम्हालाच ऐकवलं. एकदाही चॉकलेट चॉकलेटसारखं आलं नाही आणि दर वेळी जाऊबाई फोनवर म्हणत राहिल्या, लय भारी. सहा वर्षं!

मी म्हणायचे, "बाई, खरं सांगून टाका ना एकदा."

"आता कसं सांगू व? इतके वर्षं काय केलं मंग, असं विचारतील ना त्या."

यंदा समताला पन्नास वर्षं पूर्ण झाली. पुष्पांजलीनं बेत केला की तिघींनी एकाच रविवारी, एकाच वेळी, व्हिडिओवर एकमेकींसमोर एकसारखा डबा उघडायचा. तिची भाची अपेक्षा बेल्जियमहून पुण्याला येणार होती. तिनं दोन डबे आणले आणि पुण्याहून एक कुन्नूरला, एक आमच्याकडं धाडला. समुद्रातल्या शिंपल्यांच्या आकाराची बारा चॉकलेटं. तेच आता धामणगाव बढ्याला येऊन पडलं होतं आणि रविवार परवावर आला होता.

जाऊबाई भर उन्हात स्कुटीवर गेल्या आणि ओल्या टॉवेलात गुंडाळून डबा घेऊन आल्या. हलवून पाहिला. आवाज नाही. वितळलेलं असेल तर आता घट्ट करायचं, एवढंच हातात होतं. फ्रिजमध्ये ठेवला आणि दहा मिनिटांत लाइन गेली. दुरुस्ती चालू आहे, संध्याकाळी येईल म्हणाले. आली दुसऱ्या दिवशी. येऊन तासाभरात पुन्हा गेली.

मी सुचवलं, "दवाखान्यातल्या फ्रिजात ठेवा ना. तो तर लाइन गेली तरी गार राहते."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी दोन पावलं मागं सरकले. "लसीचं फ्रिज हाय ते पूनम. त्याच्यात मी डॉक्टर साहेबाले पाण्याची बाटली ठेवू देत नाही. अन् माह्यं चॉकलेट ठेवू?"

मग मोठ्या परातीत ओली वाळू, वाळूत डबा, त्यावर ओलं गोणपाट. दर तासाला उठून पाणी शिंपडायच्या. माझे भासरे, म्हणजे जाऊबाईंचे यजमान गजेंद्र, ओट्यावरून बघत होते. "लेकरू झाल्यावानी करून राह्यली," ते म्हणाले.  जाऊबाईंनी त्यांच्या हातात शिंपडायचा तांब्या दिला.

रविवारी चार वाजता फोन लागला. एका चौकोनात समता, अंगात स्वेटर. दुसऱ्यात पुष्पांजली, मांडीवर नातू. दोघींच्या हातात डबे. आमच्या इकडं जाऊबाईंच्या कपाळावरून घाम निथळत होता.

"एक, दोन, तीन!" पुष्पांजली ओरडली.

जाऊबाईंनी झाकण काढलं. बारा शिंपल्यांची एक सपाट पोळी झाली होती, वरून पांढुरकी, मधोमध भेग गेलेली.

"दाखव ना गं कोकिळा," पुष्पांजली म्हणाली. "कसे दिसतात?"

मला वाटलं, आता म्हणतील लय भारी. पण त्यांनी डबा तसाच कॅमेऱ्यापुढं धरला. "हे पाहा. असे दिसतात. सहा वर्षं झाली, एकही चॉकलेट मले धड भेटलं नाही. कधी पाणी, कधी मुंग्या. मी तुमच्याशी खोटं बोलून राह्यली. मले आता कंटाळा आला याचा."

 नातवानं तेवढ्यात एक शिंपला तोंडात घातला.

मग समता उठून आत गेली आणि स्टीलचा डबा घेऊन आली. "आता मीही सांगते. तू दरसाल बिबड्या पाठवते ना, त्या अशा येतात." डब्यात ज्वारीचा चुरा होता. बिबड्या म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड, कागदासारखे पातळ. उन्हात दोन दिवस बसून घालायचे. "मी हे वरणात टाकून खाते. तुले म्हणत होती, तळल्या, लय फुलल्या."

जाऊबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी दुसऱ्या चौकोनाकडं पाहिलं. "अन् माह्या ठेचा?"

पुष्पांजली नातवाचं तोंड पुसायला लागली.

"पुष्पा, ठेच्याचं काय झालं?"

"जावयाच्या बॅगेत बरणी फुटली गं. सगळे शर्ट तिखट झाले. पहिल्याच वर्षी. नंतर मी त्यांना आणू नका म्हणून सांगितलं. तू जावयासाठी पुण्याच्या ओळखीच्या बाईकडं ठेवायचीस तो ठेचा तिच्याकडंच राहायचा."

"अन् तो फोटो? भाकरीसंग ठेच्याचा?"

"इथल्या दुकानातली मिरची होती."

जाऊबाईंचा आवाज मी इतका चढलेला कधी ऐकला नव्हता. "दोन दोन किलो मिरच्या मी एकटीनं कुटल्या! तीन दिवस हाताची आग जात नव्हती. लस देताना लेकरांले झोंबू नाही म्हणून हातमोज्यावर हातमोजे घातले. अन् तू दुकानातली मिरची दाखवते?"

"आणि तू काय केलंस? सहा वर्षं खुटकन तुटतं, खुटकन तुटतं म्हणून सांगितलंस! मी थंडीत रांगा लावल्या त्या दुकानात!"

फोन कट झाला. कोणी केला माहीत नाही. समताचा पन्नासावा वाढदिवस तसाच राहिला.

पुढचे दोन महिने घरात त्या विषयाला बंदी होती. जाऊबाई दवाखान्यातून येत, भाजीत मीठ कमी आहे म्हणत, मीठ बरोबर असलं तरी म्हणत. फोन वाजला की नाव बघून उलटा ठेवत. मी चिडले एकदा. म्हटलं, "बाई, तुम्ही तिघी आज्या झाल्या आता. खाण्याच्या पायी भांडता?"

"खाण्याच्या पायी नाही व," त्या म्हणाल्या आणि परातीतली कणीक मळायला लागल्या. "मले वाटे, माह्या हातचं तिथी कोणी खाऊन राह्यलं. तेवढंच तं होतं माह्याजवळ पाठवाले."



दुसऱ्याच दिवशी त्यांनी दहा दिवसांच्या रजेचा अर्ज टाकला. बाळंतपणं सोडली तर नोकरीतली त्यांची ही पहिली लांब रजा. डॉक्टर साहेबांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "खाजगी." भासऱ्यांनी विचारलं, "चॉकलेट खायाले कुन्नूर?" तर म्हणाल्या, "बिबड्या द्याले."

ऑगस्टात आम्ही दोघी निघालो. मलकापूरहून रेल्वे, वाटेत दोनदा गाडी बदलली. बिबड्यांचा पत्र्याचा डबा त्यांनी मांडीवरून खाली ठेवला नाही. शेजारच्या गृहस्थानं त्यावर आपला पुरी-भाजीचा पुडा टेकवला, तेव्हा त्यांनी त्याला नर्सच्या आवाजात असं काही सुनावलं की तो पुढच्या स्टेशनपर्यंत उभाच राहिला. दुसऱ्या दिवसापर्यंत माझीही कंबर गेली होती. मी म्हटलं, "द्या इकडं, मी धरते." नाही म्हणाल्या.

कुन्नूरला भुरभुर पाऊस आणि बोचरी थंडी. समता दारात उभी होती.  जाऊबाईंनी चप्पल काढायच्या आधी डबा उघडून दाखवला. चाळीसातल्या तीन फुटल्या होत्या.

समतानं लगेच एक गॅसवर भाजली, कच्चं तेल आणि तिखट लावलं आणि उभ्यानंच खाल्ली. मग दुसरी. डोळे भरून आले तिचे. "माय गेल्यापासून पहिल्यांदा," एवढंच म्हणाली. जाऊबाई तिच्या पाठीवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

मेमधला शिंपल्यांचा डबा समताच्या कपाटात तसाच होता. त्या दिवशी भांडण झाल्यावर तिनं झाकण लावून ठेवला होता. तो समोर आला. जाऊबाईंनी एक शिंपला उचलला, उजेडात धरून त्याच्या रेघा पाहिल्या, तोंडात ठेवला आणि डोळे मिटले. मी आणि समता त्यांच्या तोंडाकडं बघत बसलो. चांगली दोन मिनिटं.

"बाई? कसं आहे?"

"गोड जरा जास्त झालं. पण मागून कडवटपणा येते, तो लय चांगला हाय." त्यांनी दुसरा उचलला. "यासाठी तिनं रांगा लावल्या असतील तं लावू दे."

समतानं बेल्जियमला फोन लावला. पुष्पांजली दोघींना एका चौकोनात पाहून आधी रडली, मग संतापली. "मला न सांगता भेटलात? माझ्याच डब्यातलं खाताय? माणसं आहात की कोण?"

"तूही ये मंग," जाऊबाई म्हणाल्या.

"येते! डिसेंबरात येते! तुझ्याच घरी येते!"

जाऊबाई फोन खाली ठेवून माझ्याकडं वळल्या. चेहऱ्यावर पुन्हा तोच वैताग. "डिसेंबरात पोलिओची मोहीम राहते, पूनम. आता रजा कोणाच्या तोंडानं मागू?"

गावी परतल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी डिसेंबरातल्या चार दिवसांचा अर्ज दिला. डॉक्टर साहेब अजून बघतो म्हणताहेत. पुष्पांजलीचं तिकीट निघालं आहे. सासूबाई मला रोज विचारतात, ती परदेशातली बाई जमिनीवर बसून जेवते का?