चेसिसवर सांधलेला नंबर

ती गाडी अजूनही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

कळमन्याजवळच्या एका शेडमध्ये चोरीच्या गाड्या तोडतात, अशी खबर होती. पंचांना घेऊन छापा घातला. आत एकच गाडी होती, बुटकी, दोन माणसांची. तशी गाडी मी कुठेच पाहिली नव्हती. ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका साठीतल्या कारागिराने सात वर्षं खपून ती हाताने घडवली होती. पत्र्यावरून बोट फिरवलं, तर हातोडीचा एक घाव लागेना.

पण चेसिसवर दुसऱ्याच एका जुन्या गाडीच्या नंबरचा तुकडा वेल्डिंगने सांधलेला होता. चोर नेमकं हेच करतात. गाडी जप्त करून मी कारागिराला ठाण्यात आणलं.

"इंजिन त्या जुन्या गाडीचं, गिअरबॉक्स तिचाच," तो म्हणाला. "नंबर फेकला असता तं लोक म्हणले असते, चोरलं. म्हणून जोडला. आरटीओत पासिंगले हाच दाखवणार होतो."

"वा काका!" हवालदार हसला. "माणूस नवा, अन् आधार कार्ड दुसऱ्याचं!"

"हसू नको गा. चाबी मारून पाह्य."

जुनी गाडी कोणी दिली, एवढंच तो सांगेना. अटक होईल म्हटलं, तर म्हणाला, "करा."

दुसऱ्या दिवशी आरटीओच्या नोंदीतून रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांचं नाव निघालं. ते वारले होते. दार त्यांच्या पत्नीने उघडलं.

"मीच दिली. लिहूनही दिलं होतं. दाखवलं नाही त्यांनी?"

त्या लगेच माझ्यासोबत निघाल्या. त्यांना पाहताच कारागीर उठला. "ताई, तुम्ही काहून आल्या? नवरा गेलेल्या बाईले ठाण्याची पायरी चढवाची नव्हती मले."

"म्हणूनच आले," त्या म्हणाल्या.

आवारात त्याने गाडी सुरू केली. "चोक ओढला की आमची गाडी अशीच दोनदा खोकायची," असं म्हणून त्यांनी बॉनेटवर हात ठेवला आणि आवाज स्थिर होईपर्यंत उचलला नाही. त्या हाताचा अर्थ मला यंदा माझी पत्नी गेल्यावर उमगला.

गैरसमजातून घडलं, म्हणून प्रकरण 'क' समरीत, म्हणजे कोणावर गुन्हा न ठेवता, निकाली निघालं. न्यायालयाने गाडी परत दिली, पण जोडलेला नंबर काढायचा, आणि तपासणी संस्थेची मंजुरी मिळून नोंदणी होईपर्यंत ती रस्त्यावर आणायची नाही, या अटींवर.

"म्हणजे तिचा स्वतःचा नंबर भेटू शकते?" त्याने विचारलं.

"भेटू शकतो. पण फार खेटे घालावे लागतील."

"घालतो ना."

पंचांसमोर त्याने तो तुकडा स्वतः कापला. टेम्पोपर्यंत गाडी ढकलत न्यायची होती. मी कोणाला हुकूम दिला नाही, तरी ड्यूटीवरचे सगळे हात लावायला बाहेर आले.

तोपर्यंतच्या नोकरीत मी गप्प बसणाऱ्याला आधी संशयित धरत आलो होतो. त्यानंतर कोणी गप्प बसलं, की मी आधी शोधत असे, हा कोणाला जपतो आहे.