जवळजवळच्या रेषा

मला नकाशा वाचता येत नव्हता. भूगोलाचा मास्तर असून. हे मी इतकी वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. ‘समुद्रसपाटीपासून सारख्या उंचीची ठिकाणं जोडणारी रेषा म्हणजे समोच्च रेषा’ — व्याख्या तोंडपाठ होती, मुलांकडूनही घोकून घ्यायचो. अर्थ? अर्थ कोण विचारतं पनवेलच्या शाळेत मास्तराला?

विचारायचे ते एकटे आपटेकर. आमचे ड्रॉइंगमास्तर. आपटा गावचं बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं कुटुंब, माझ्याहून लहान, नोकरीत हंगामी — आणि माझे मित्र. हो, मित्रच.

प्रबळगडाची सहल होती. पायथ्याशी आपटेकरांनी नकाशा धरला होता, मी त्यावर बोट ठेवलं. “इथून चढू. रेषा बघा कशा जवळजवळ आहेत. अंतर थोडं.”

“अहो दामले, रेषा जवळ म्हणजे चढ उभा. लांब लांब आहेत तिथून जाऊ.”

“तुम्ही आपली फुलदाणी काढा.”

मुलं हसली. मुलं हसली म्हणजे मी बरोबर — ही माझी अक्कल.

वर कडा. “गुरुजी, फुडं वाट नाय,” एक मुलगा म्हणाला. जसं काही मला दिसत नव्हतं. मुलांना एकेक करून खाली घेताना आपटेकर घसरले. गुडघा कायमचा गेला.

इथवर चूक म्हणता येईल. पण पुढचं?

हेडमास्तरांनी विचारलं, नकाशा कोण बघत होतं? मी म्हणालो, “नकाशा आपटेकरांच्या हातात होता.” शब्द अगदी खरे. त्याचाच जास्त संताप येतो — धड खोटं बोलण्याचीही हिंमत नव्हती. मुलांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मास्तराविरुद्ध ती बोलतात थोडीच. आपटेकरही गप्प राहिले. का? मी आपणहून सांगेन, म्हणून थांबले असावेत. मी सांगितलं नाही. निष्काळजी ठरले, शेवटपर्यंत हंगामीच राहिले. दरवर्षी तो धडा आला की मी फळ्यावर रेषा काढायचो, आणि व्हरांड्यातून त्यांचा ओढता पाय ऐकू यायचा.

परवा ते इस्रायलला जायला निघाले. निरोपाचं भाषण करायला उभं केलं कुणाला, तर मला. समोर तेच हेडमास्तर, सगळी शाळा. लिहून नेलेलं भाषण खिशातच राहिलं.

“आपटेकर,” मी म्हणालो, “नकाशा तुमच्या हातात होता, पण वाट मी ठरवली. तुम्ही नको म्हणत होता. नंतर मी ते तुमच्यावर ढकललं. मी तुमची माफी मागतो.”