कासारीणमावशी दाई झाल्या तेव्हा

सुंदरामावशींची नि माझी ओळख माझ्या मनगटापासून सुरू झाली. लग्न होऊन मी पिंगळीला आले त्याच आठवड्यात आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, कासारणीला बोलावणं धाडलं. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली असतील. माझं वय सतरा आणि हात आडदांड. माहेरी सोनपेठच्या बाजारात मला बांगड्या भरायच्या म्हणजे दोन-तीन तरी वाढायच्याच (बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं), आणि आई म्हणायची, हात हाय का खुरपं. मावशी ओसरीवर बसल्या, माझा हात त्यांनी मांडीवर घेतला आणि विचारलं, माहेरी म्हशी किती. मी एकेकीचं नाव नि खोडी सांगत बसले. चौथ्या म्हशीवर आले तेव्हा खाली पाहते तर मनगटभर हिरव्या बांगड्या. एकही वाढली नव्हती. रीतीप्रमाणे मी मावशींच्या पाया पडले, आणि आजतागायत पडते आहे.

या महिन्यात मावशींना पंचाहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात डॉक्टरांचे, गुरुजींचे, सरपंचांचे लेख आहेत. माझी शाळा दुसरीपर्यंत. पण ग्रंथाचं काम पाहणारे म्हणाले, आजी, मावशी दाई कशा झाल्या हे डोळ्यांनी पाहिलेलं माणूस आता तुम्हीच. तेव्हा मी तेवढंच सांगणार आहे, आणि मधे इकडंतिकडं गेले तर वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावं.

मावशींचे यजमान मानवतच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावायचे आणि मावशी टोपली घेऊन पिंगळी नि आसपासची गावं करायच्या. यजमानांनीच त्यांना वाचायला शिकवलं होतं. यजमान स्वभावानं फार गरीब. चहात साखर कमी पडली तरी बोलायचे नाहीत, दुसऱ्या दिवशी शेजारी जाऊन प्यायचे. असो.

आमच्या आळीत माझ्याच वयाची एक सून होती. नाव घेत नाही. तिला सातव्या महिन्यात मावशींनी हिरवा चुडा भरला. बाळंतपणात ती दोन दिवस अडली आणि गेली. सवाशीण गेली की तिला नवा चुडा भरून पाठवतात, म्हणून पुन्हा मावशींनाच बोलावलं. त्या दिवशी परत जाताना त्या आमच्या ओसरीवर टेकल्या. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"जित्या बाईचा हात कितीबी सैल सोडला तरी जरा आखडतोच, सूनबाई," त्या म्हणाल्या. "तिचा आखडला न्हाई. बांगड्या आपल्या आपण गेल्या."

पुढं काही महिन्यांनी चावडीवर दवंडी झाली. नवं सरकार परभणीच्या दवाखान्यात खेड्यातल्या बायांना सहा महिने दाईचं काम शिकवणार होतं. थोडं वाचता येणारी बाई पाहिजे होती. मावशींनी दरखास केली आणि हुकूम आलाही, महिन्याभरात हजर व्हायचं, मग वर्ग सुरू. गावाला वाटलं, बाईचं नशीब उघडलं. पण मावशींच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

हल्लीच्या मुलींना हे समजायचं नाही म्हणून सांगते. बांगड्या भरणं हे शुभाचं काम आणि बाळंतपण विटाळाचं. बाळंतिणीच्या खोलीत काम करणाऱ्या बाईच्या हातून सवाशिणी बांगड्या भरून घेत नसत. म्हणजे मावशी एकदा दाई झाल्या की टोपली बंद. आणि दाईचं काम जमलं नाही, किंवा कुणी बोलावलंच नाही, तर मागं फिरायला वाट नाही. घराची अर्धी चूल त्या टोपलीवर पेटत होती. आत्याबाई तर तोंडावर बोलल्या, "सुईणीचा हात आमच्या हाताला लागायचा न्हाई, आत्ताच सांगून ठेवते."

मावशी टेशनावर गेल्या आणि परत आल्या. त्या दिवशी म्हणे गाडीला गर्दी होती. आठ दिवसांनी पुन्हा गेल्या, पुन्हा परत. तेव्हा पोट दुखत होतं. तिसऱ्यांदा तर सबबसुद्धा सांगितली नाही. घरी गेल्या, टोपली डोक्यावर घेतली आणि "बांगड्याऽ" करत आमच्याच आळीत शिरल्या. आत्याबाई दारातच होत्या. म्हणाल्या, "गाड्या लावून द्यायची नौकरी लागली का गं तुला? ही तिसरी गेली." आळीतल्या बाया हसल्या. मावशी हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. माझा हात धरून बांगड्या भरत बसल्या.

मला तेव्हा तिसरा महिना होता, आणि बाळंतपण सासरीच व्हायचं होतं. त्या गेलेल्या पोरीची आठवण मला सारखी यायची. कुणापाशी बोलायची सोय नव्हती. आत्याबाई आत गेल्या तशी मी हळूच म्हणाले, "मावशी, माझ्या वख्ताला तुमी असाल का?"

त्यांनी हातातली बांगडी तेवढी चढवली. दुसऱ्या दिवशी सकाळी टोपली आमच्या घरी आणून ठेवली, "परत आले तर नेईन" एवढंच म्हणाल्या आणि टेशनाच्या रस्त्याला लागल्या. त्या दिवशी गाडी गेली आणि मावशी काही परत आल्या नाहीत.

परभणीला पहिल्याच दिवशी नवीन अडचण. तिथल्या शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी सांगितलं, कोपरापर्यंत हात धुवायचे, हातात काही चालणार नाही, बांगड्या काढा. शिकायला आलेल्या बाया सगळ्या सवाशिणी, खेड्यातल्या. काचेचा घट्ट चुडा काढायचा म्हणजे फोडायचा, आणि तो कधी फोडतात ते सगळ्यांना ठाऊक. दोघी-तिघींनी रडून गाठोडी बांधली. मावशींनीही बांधलं होतं. परत यायला त्यांना एकदाची खरीखुरी सबब मिळाली होती.

पण बाजूची एक बाई रडता रडता मनगटावर दगड उचलू लागली, आणि मावशींमधल्या कासारणीला ते पाहवेना. त्यांनी तिचा दगड हिसकला, साबण घेतला, तिला माहेरचं काहीबाही विचारलं आणि तिचा सगळा चुडा एकही न फोडता उतरवला. मग दुसरीचा, तिसरीचा. शेवटी स्वतःचा. संध्याकाळी काम संपल्यावर पुन्हा सगळ्यांना भरून दिला. सहा महिने रोज सकाळी उतरवायचा, रोज संध्याकाळी भरायचा. मोठ्या बाई म्हणाल्या म्हणे, सुंदराबाई, तुम्ही नसता तर माझा वर्ग पहिल्या दिवशीच मोडला असता. मावशी हे सांगतात तेव्हा अजूनही पदर तोंडाला लावून हसतात.

शिकून आल्या तेव्हा माझे दिवस भरत आले होते. तीन आठवडे त्यांना कुणी बोलावलं नाही. दाई म्हणून कुणी दार उघडेना, कासारीण म्हणून कुणी हात पुढं करीना. ज्याचं भय होतं ते नेमकं पुढ्यात येऊन बसलं. मी आत्याबाईंपाशी एकदा विषय काढला, तर त्यांनी नुसतं पाहिलं. मी पुन्हा काढला नाही.

माझं पोट दुखू लागलं ते सकाळी. दुपार झाली, गावच्या म्हाताऱ्या सुईणीला काही सुचेना. तेवढ्यात बाहेर मावशींचा आवाज. त्या हार खाऊन टोपली न्यायला आल्या होत्या, मानवतला यजमानांबरोबर बसायचं म्हणून. मी आतून हाक मारली. तेव्हाच्या सुनेनं सासूसमोर असं ओरडायचं नसतं, पण मी ओरडले, "मावशी, तुमी यायचं म्हणाला होता." खरं म्हणजे त्या तसं कधीच म्हणाल्या नव्हत्या.

आत्याबाई दारात उभ्या होत्या. मावशींनी पाणी उकळायला सांगितलं आणि उंबऱ्याबाहेर बसून आपल्या बांगड्या उतरवू लागल्या. एकेक काढून पदराच्या गाठीत बांधली. मोकळी मनगटं पाहून आत्याबाईंना राहवलं नाही.

"अगं, सवाशीण हायेस का न्हाई तू?"

"आत्ता दाई हाय, माय," मावशी म्हणाल्या. "भाईर आले की पुन्ना सवाशीण."

आत्याबाई दारातून बाजूला झाल्या. तोंडानं हो म्हणाल्या नाहीत, नुसत्या सरकल्या. माझ्या मते त्यांच्या उभ्या जन्मातलं ते सगळ्यात मोठं पाऊल.

मावशींनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, हात ढिला सोड, आणि म्हशींचं सांग. मी काय सांगितलं देव जाणे. दिवे लागायच्या आत माझी थोरली जन्मली.

बाराव्या दिवशी आळी गोळा झाली. बांगड्या भरायची वेळ आली तशा बाया एकमेकींकडं पाहू लागल्या. मावशी कोपऱ्यात बसल्या होत्या, हात पदराखाली. आत्याबाई उठल्या, टोपली स्वतः उचलून मावशींसमोर ठेवली आणि सगळ्यांच्या आधी आपला हात पुढं केला.

"भर गं सुंदरा. लय दिस झाले."

मावशींचा हात तेवढा एकदाच चुकला. आत्याबाईंची एक बांगडी वाढली. आत्याबाईंनी काचा बाजूला सारल्या आणि हात तसाच पुढं ठेवला.

तेव्हापासून आमच्याकडं रीतच पडली की ज्या हातानं बाळंतपण केलं त्याच हातानं बाराव्याला चुडा भरायचा. चार गावांतल्या लेकीसुनांनी तो भरून घेतला आहे. माझ्या धाकट्याच्या वेळी मावशी मानवतला गेल्या होत्या; परतीची एसटी हुकली तर चिखल तुडवत आल्या. आल्या आल्या मला म्हणाल्या, आधी तू जेवलीस का ते सांग.

एकदा मी विचारलं, मावशी, ती भीती मग गेली कधी. त्या म्हणाल्या, गेली कुठं, दर वेळेला उंबऱ्यापाशी येतीच. पण बांगड्या उतरवायला लागले की हात कामाला लागतात, मग तिच्याकडं बघायला फुरसत होत न्हाई.

मावशी, माझ्या थोरलीच्या लेकीला आता सातवा लागतो आहे. बाळंतपण परभणीच्या डॉक्टरीणबाई करतील, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण बाराव्याला तिच्या हातात चुडा तुम्हीच भरायचा. तिच्या पाठोपाठ धाकट्या नातीचं लग्न ठरतंय, म्हणजे तिकडंही तुम्हीच लागणार. पुढच्या पणतवंडांची मी देवापाशी आत्ताच नोंद करून ठेवली आहे. तेव्हा गुडघ्यांना तेल लावत जा, दूध टाळू नका, डोळ्यांचं औषध वेळेवर घाला. शंभर वर्षांचा आशीर्वाद माझ्या लहान तोंडी शोभत नाही, आणि या सगळ्या कामाला शंभर वर्षं पुरतील असंही मला वाटत नाही.