आईच्या कानांसाठी आंब्याचं युकुलेले

निळं चकचकीत युकुलेले आईने कपाटावर ठेवून दिलं, त्या दिवशी मी परंदवडीला जायचं नक्की केलं.

युकुलेले म्हणजे गिटारचं धाकटं भावंड. चार नायलॉनच्या तारा, त्यामुळे बोटं सोलत नाहीत. मांडीवर सहज मावतं, आणि थोड्या सरावात एखादं सोपं गाणं बसतं. सदुसष्टाव्या वर्षी नवीन काही शिकायचं तर याहून सोयीचं वाद्य नाही, असं मला वाटलं होतं. पण आईला गेली काही वर्षं कमी ऐकू येतंय. वरचे सूर आधी गेले. भजनी मंडळात आपला सूर कुठे सुटतो हे तिचं तिलाच कळेना, तेव्हा गुडघ्यांचं कारण सांगून तिने जाणं बंद केलं. मी ऑनलाइन मागवलेलं ते निळं वाद्य तिने चार दिवस वाजवलं आणि म्हणाली, "कानाशी डास गुणगुणतोय नुसता. कानातलं यंत्र काढलं तर डासही जातो, काहीच उरत नाही."

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने आपल्या लेकीसाठी परंदवडीहून युकुलेले करून घेतलं होतं. करणारे विलासभाऊ तिथल्याच एका कारखान्यात कामाला आहेत, सुट्टीच्या दिवशी घरी वाद्यं करतात. त्यांच्या कंपनीला गुरुवारी सुट्टी, म्हणून आम्ही गुरुवार धरला. तुम्हीही जमलं तर मधलाच वार धरा; लोणावळ्यात गर्दी नसते आणि राहायलाही स्वस्तात मिळतं.

कोथरूडहून बाह्यवळणाने देहूरोड, पुढे जुना मुंबई हायवे, सोमाटणे फाट्याला वळलं की परंदवडी. ट्रक आडवे आले नाहीत तर तासाभराचा रस्ता. भात कापून झालेली खाचरं, कडेला पेंढ्याच्या गंजी, आणि त्यांच्या मागे गोदामांचे निळे पत्रे. आई खिडकीतून बघत म्हणाली, "तिथे माझ्या कानांचं काही बोलू नकोस."

"मग त्यांना कळणार कसं?"

"वाद्य घ्यायला चाललोय, दवाखान्यात नाही."

विलासभाऊंच्या बाहेरच्या खोलीत बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली खाटेवर त्यांचे वडील, आबा. आबा एकेकाळी भीमगीतांच्या गायन पार्टीत गायचे. आता त्यांच्या हातात दोनच तारा उरलेलं एक ओबडधोबड युकुलेले होतं. "माझं पहिलं. फसलेलं," विलासभाऊ हसून म्हणाले. "टाकून देनार होतो, आबांनी ठेवून घेतलं."

मागच्या पडवीतून त्यांनी तीन वाद्यं आणून खाटेवर मांडली. "आकार येक, तारा त्याच. लाकूड तेवढं वेगळं. लाकडाचं लोक जरा जास्तच कौतुक करत्यात हां ताई. फळी किती पातळ, आतल्या पट्ट्या कशा, त्याच्यावर बी लय असतं. पन ऐका तर खरं."

पहिलं प्लायवूडचं, आमच्या निळ्याच्याच जातीचं. थर चिकटवलेले असल्यामुळे फळी मोकळी थरथरत नाही, आवाज बंद खोलीतल्यासारखा. "पन पावसाळ्यात हिला कायबी होत न्हाई. लहान पोरांना हीच घ्या म्हनतो मी."

दुसऱ्याची पुढची फळी पांढुरक्या स्प्रूसची, गिटारला वापरतात त्या विलायती लाकडाची. एक तार छेडली आणि सूर खोलीभर पसरला, स्वच्छ आणि लांब. मी तिथल्या तिथे प्रेमात पडले.

तिसरं आंब्याचं. रस्ता रुंद करताना पाडलेल्या झाडाचं लाकूड विलासभाऊंनी माळ्यावर वाळवलं होतं. त्याचा आवाज ठेंगणा, गोल, लवकर विझणारा. स्प्रूस म्हणजे पितळी लोट्यावर वाजवलेली टिचकी, तर हा मातीच्या माठावर पडलेला हात.

"स्प्रूसचंच घेऊ ना?" मी विचारलं.

"हो, छान आहे," आई म्हणाली. हा 'हो' मी ओळखते. ऐकू आलं नाही की ती असाच 'हो' म्हणते.

आबाही तिच्याकडेच बघत होते. "बाई, तुमाला ऐकू येत न्हाई व्हय?"

विलासभाऊ गोरेमोरे झाले, मी खाली बघू लागले.

"मला बी न्हाई!" आबा मोठ्यांदा म्हणाले. "लाजायचं काय त्यात? हे असं करा." त्यांनी वाद्य उंच धरलं, त्याची वरची कड हनुवटीच्या हाडाला टेकवली आणि तार छेडली. डोळे मिटले. "कानात न्हाई येत. हाडात येतंय."

आईने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग दोन्ही कानांतली यंत्रं काढून माझ्या हातात दिली. परक्यांसमोर तिने हे कधीच केलं नव्हतं. स्प्रूसच्या वाद्यावर हनुवटी टेकवून तिने तार छेडली, पुन्हा छेडली, आणि ते खाली ठेवलं. मग आंब्याचं उचललं. सगळ्यात जाड तारेवरून तिचा अंगठा कितीतरी वेळ फिरत राहिला.

"हे येतंय," ती म्हणाली. यंत्र नसल्यामुळे फार मोठ्यांदा. हात गळ्याखालच्या हाडावर होता.

मी खुणा करून, ओठ हलवून सांगितलं, की ते दुसरं जास्त छान वाजतं.

"तुला," आई म्हणाली. "वाजवणार मी आहे."

पण ते आंब्याचं वाद्य लोणावळ्याच्या कुणीतरी आधीच सांगून ठेवलेलं. त्याच झाडाचं दुसरं तयार होतं, फक्त तारा चढवायच्या होत्या. "उद्या मला सेकंड शिफ्ट हाय. दुपारच्या आत या," विलासभाऊ म्हणाले.

मुक्काम पडल्याचं आईला मुळीच वाईट वाटलं नाही. तळेगाव, वडगाव, कामशेत करत लोणावळा गाठलं, शेंगदाण्याची चिक्की घेतली, आणि संध्याकाळी मळवलीला एका बंगल्यात उतरलो. तो बंगला सांभाळणाऱ्या मावशींनी नव्या इंद्रायणीचा वाफाळता, चिकट भात आणि पावट्याची आमटी वाढली. जेवण आधी सांगून ठेवावं लागतं, तेवढं लक्षात ठेवा.

सकाळी कार्ला लेणी. गाडी अर्ध्या डोंगरापर्यंत जाते, पुढे पायऱ्या. आई थांबत थांबत चढली. चैत्यगृहाच्या दगडी छताला लाकडी कमानी आहेत. "हे लाकूड खरंच तेव्हाचं?" तिने तिथल्या राखणदाराला विचारलं.

"व्हय आजी. सागवान हाय. दोन हजार वर्सांचं."

आई मान वर करून बघत राहिली. मग खांबाला पाठ टेकून तिने हळूच सूर लावला. बऱ्याच वर्षांनी मी तिचं गाणं ऐकत होते. सूर खाली घसरला, पुन्हा चढला, पुन्हा घसरला. वरती पारवे फडफडले. राखणदार म्हणाला, "म्हना की अजून." तिने अख्खं कडवं म्हटलं.

परंदवडीला पोचलो तेव्हा वाद्य तयार होतं. आईने हनुवटीला लावून छेडलं आणि तिचा चेहरा उतरला. मलाही फरक कळला. हा आवाज जास्त कोरडा होता.

"झाड येकच, पन ही फळी निबर निघाली," विलासभाऊ म्हणाले. "सख्ख्या भावांचं तरी कुटं जुळतं?" त्यांनी वरची बारीक तार उतरवली आणि तिथे खालच्या सुराची जाड तार चढवली. युकुलेलेला तशीही तार चालते, हे मला तेव्हा कळलं. आईने पुन्हा वाजवून पाहिलं.

"कालच्यासारखं नाही."

विलासभाऊंनी फोन उचलला. "थांबा मावशी, त्या लोणावळेवाल्यांना अदलाबदल चालती का इचारतो."

आईने त्यांच्या मनगटावर हात ठेवला. "नको. ते त्यांचं आहे." परत एकदा कड हाडाला टेकवून ती बराच वेळ वाजवत राहिली. "हे घोगरं आहे जरा. पण येतंय. द्या बांधून."

या गोष्टीला दोन महिने झाले. आईला तीन कॉर्ड येतात. फोनवरच्या ॲपचा हिरवा दिवा बघून ती तारा लावते, कानांवर विसंबत नाही. दुपारी यंत्रं काढून डबीत ठेवते आणि वाजवायला बसते. कुणी मला विचारलं, शिकायला कोणत्या लाकडाचं घ्यावं, तर मी आधी विचारते, कुणासाठी? मला आजही स्प्रूसचाच आवाज आवडतो. घरात मात्र दुसराच आवाज भरून असतो, आणि दारातून आत येताना मी त्याची वाट बघते.

गेल्या गुरुवारी विलासभाऊंचा व्हिडिओ कॉल आला. आबांना 'त्या बाईंशी' बोलायचं होतं. दोघांनी ओरडून ओरडून एकमेकांची तब्येत विचारली, काहीच पोचलं नाही. मग आबांनी आपलं वाद्य उचललं, आईने आपलं. चाली दोन, ताल दोन. तिकडे विलासभाऊ हसू दाबत फोन धरून उभे, इकडे मी. शेवटी आबांनी हात वर करून मनापासून दाद दिली.

फोन बंद झाल्यावर आई माझ्याकडे वळली. "साथ चांगली करतात हं ते," ती म्हणाली.